रिकाम्या जागेतलं कमळ

रशीदभाई, शेवटच्या फोनवर मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही विचारलंत, "गेला होता का मुकुंदवाडीला?" आणि मी म्हणालो, "हो, गेलो होतो." मी गेलो नव्हतो. बंगल्याच्या ओट्यावर बसून चहा पीत होतो. दर फोनला तुम्ही तेच विचारता याचा कंटाळा आला होता, आणि एकदा हो म्हटलं की विषय संपेल असं वाटलं.

पण तुमचा कुठला प्रश्न एका उत्तरानं संपला होता? तुम्ही लगेच विचारलंत, "मग? दोरा कोणत्या रंगाचा म्हणाली?"

मी म्हणालो, "निळा."

निळाच का, ते मला सांगता येणार नाही. समोर दोरीवर कुणाचा तरी निळा टॉवेल वाळत होता, एवढंच.  पलीकडून तुम्ही हळूच म्हणालात, "निळा. मला कसा सुचला नाय निळा." आणि नेहमीचं "चलो मियाँ" न म्हणताच फोन ठेवलात. हातात काम आलं की तुम्ही असेच फोन ठेवायचात. त्याच आठवड्यात तुमच्या लेकीचा, नसीमचा फोन आला, अब्बा गेले म्हणून.

तुमच्या कलेबद्दल जाणकार लिहितील. मला दोनच बायांबद्दल बोलायचंय. एक भिंतीवरची, दुसरी मुकुंदवाडीची. तुमच्याशी बोलताना मी नेहमी घाईत असायचो, आज नाही.

शहराच्या छावणी भागातल्या आमच्या बंगल्यात कलाकार दोन-तीन महिने येऊन राहतात. दुपारी दार उघडं असतं. कुणीही यावं, काम बघावं, हात लावून बघावं, विचारावं. हे सगळं जुळवायचं, पाट्या लिहायच्या, विकायच्या पिशव्यांवरची आणि पोस्टकार्डांवरची चित्रं बसवायची, हे माझं काम. तुमच्या आधी आलेले बहुतेक जण पहिले काही दिवस अवघडलेले असायचे. पाहुणे आले की मान खाली घालून काम करायचे. तुम्ही आल्या दिवशीच खुर्ची दाराकडं तोंड करून मांडलीत, दाढीला अत्तर लावलंत आणि मला विचारलंत, "पब्लिक किधर है?"

लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फर्दापूरच्या माणसानं अजिंठ्याच्या नकला करायच्या यात नवल नव्हतं. मला वाटलं होतं तुम्ही ओळखीची चित्रं काढाल, लोकांना आवडतील अशी, आणि मला त्यांची पोस्टकार्डं करता येतील. तुम्ही काढलीत लेण्यातल्या एका कोपऱ्यातली बाई, दर फळीवर तीच. तिच्यासमोरून लोक बॅटरी मारत पुढं निघून जातात. बसलेली, मान जरा कललेली, डोळे बारीक केलेले. उजवा हात तोंडाजवळ उचललेला. मनगटापर्यंत हात आहे, थोडा अंगठा आहे, आणि पुढं काही नाही. तिथला गिलावा कधीच पडून गेलाय. भाकरीएवढी मातकट जागा.

मी विचारलं, "हीच का?"

"तिच्या हातात काय आहे ते मला माहीत नाय, म्हणून."

तुमचं काम मी रोज बघत होतो तरी मला त्याची सवय झाली नाही. फळीवर माती, भाताचं तूस आणि शेण यांचा थर. तो मळायला तुम्ही पाहुण्यांना बसवायचात. शाळेची पोरं, कॉलेजच्या मुली, एकदा तर गणवेशातला एक सुभेदार बाह्या दुमडून बसला होता. थर वाळला की चुन्याचा हात, त्यावर गेरू, पिवळी माती, काजळी. आणि चित्र पुरं झालं की सगळ्यांना जवळ बोलवायचात, हाताचं बोट दुमडायचात आणि पेराच्या हाडानं त्या हाताच्या जागी टक्कन मारायचात. तुकडा खाली पडून चुरा व्हायचा. बायका तोंडावर हात न्यायच्या. तुम्हाला ते फार आवडायचं, नाटकातल्या नटासारखे थांबायचात.

"नकल करायची तर भिंतीची," तुम्ही सांगायचात. "चित्राची नाय."

मी एकदा विचारलं होतं, तोडायच्या आधी तिथं तुम्ही काय काढलेलं असतं? कारण रंग तुटलेल्या कडेपर्यंत गेलेला असायचा, म्हणजे आत काहीतरी असणारच. ती जागा तुम्ही सकाळी दार लावून रंगवायचात आणि लोक यायच्या आत तिच्यावर ओलं फडकं टाकून ठेवायचात, तोडतानाही फडक्यावरूनच मारायचात. तुम्ही डोळा मारलात. "हर बार अलग." मी हसलो आणि कामाला गेलो. आता वाटतं, तेव्हा खाली बसून विचारायला हवं होतं. या फळीवर काय होतं? मागच्या फळीवर काय होतं? स्वतः काढलेलं स्वतः तोडताना कसं वाटतं?

मग तुमचा खेळ सुरू व्हायचा. कुणी विचारलं, "बाबा, हिच्या हातात काय होतं?" की तुम्ही म्हणायचात, "पैले तुम्ही बोला." आणि नुसतं बोलून चालायचं नाही. तिच्यासारखी मान कलती करायची, हात तसा उचलायचा, मग सांगायचं. एक आजोबा म्हणाले, भाकरीचा तुकडा. एक मुलगी म्हणाली, आरसा. तुम्ही स्वतः उठून हात तोंडाजवळ धरून बघितलात. "आरसा इतक्या जवळ? दाढी करतीय का?" सगळे हसले, ती मुलगीही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या मोटरसायकलच्या आरशासमोर मान तिरकी करून उभे होतात. तुम्ही चेष्टा करायचात, पण कुणाचंच उत्तर फेकून द्यायचा नाहीत.

आणि मी काय केलं, तर पाटी लावली.

त्यात वाईट हेतू नव्हता, हे मी अजूनही स्वतःला सांगतो. रविवारी गर्दी व्हायची, लोक त्या बाईसमोरून हलायचे नाहीत, मागचे ताटकळायचे. शिवाय मला पिशवीवर छापायला पुरं चित्र हवं होतं. तुटका हात पिशवीवर कसा दिसेल? म्हणून मी त्या हातात एक कमळ काढलं. चांगलं जमलं होतं. तेच पाटीवर घेतलं आणि खाली लिहिलं की मूळ चित्रात या स्त्रीच्या हाती कमळ होतं. कुठं वाचलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. अजिंठा म्हटलं की कमळ, एवढ्यावरच लिहून टाकलं.

तुम्ही पाटी वाचलीत. "कुणी सांगितलं तुला?"

"रशीदभाई, कमळच असणार. अजून काय असणार?"

"मी दाढी पिकवली तिच्यासमोर बसून, मला कळलं नाय. तुला पाटी लिहिता लिहिता कळलं?"

"लोकांना घरी न्यायला काहीतरी लागतं. प्रश्न घेऊन कोण जाईल घरी?"

"सवालच घरी नेतात, मियाँ. जवाब तर दारातच टाकून जातात."

हे आपलं भांडण. ते कधी मिटलंच नाही. पाटी लागल्यापासून लोक पाटी वाचायचे, बाईकडं एकदा बघायचे, फोटो काढायचे, पुढं जायचे. गर्दी सुरळीत झाली. मी खूश होतो. तुम्ही रोज तुमचा चौकड्याचा रुमाल त्या पाटीवर वाळत घालायचात, मी रोज काढून तुमच्या खुर्चीवर ठेवायचो. "ओला आहे," तुम्ही म्हणायचात. तो कधीच ओला नसायचा.

मग तो रविवार. एक कुटुंब आलं होतं. नवरा कंपनीतला, गॉगल डोक्यावर चढवलेला. त्याची आई आल्या आल्या बाकावर बसली. बायको, मीनाताई, सरळ तुमच्याकडं आली आणि मातीत हात घालून बसली. मळता मळता तुम्ही तिची सगळी माहिती काढलीत: मुकुंदवाडीत राहते, स्टेशनजवळच्या गल्लीत, घरीच साड्यांना पिको-फॉल करते. मग तुम्ही तिला बाईसमोर उभं केलंत. ती सरळ तुमच्याकडून आल्यामुळं तिनं पाटी वाचलीच नव्हती. कोपरापर्यंत माती, आणि तिनं तो हात तोंडाजवळ उचलला, मान कलवली, डोळे बारीक केले.

"सुईत दोरा ओवतीया ती," ती म्हणाली.

तुम्ही खुर्चीवरून उठलात. "फिरसे बोलो."

"दोरा, बाबा. सुईच्या भोकात. बघा की डोळे कसे केलेत."

नवरा मोठ्यानं हसला. "हिला जिकडं तिकडं मशीनच दिसती." अजून दोघं-तिघं हसले. मी ऑफिसातून ते हसणं ऐकून बाहेर आलो. काय झालं ते विचारलं, आणि यजमानाच्या आवाजात म्हणालो, "कल्पना छान आहे हं ताई. पण तिथं कमळ होतं. हे बघा, इथं लिहिलंय."

"बघ," नवरा म्हणाला. "कमळ हाय ते."

"व्हय का," ती म्हणाली. तिनं हात खाली घेतला, नळावर गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. मला वाटलं माती निघत नसेल. जाताना मी तिला एक पिशवी भेट दिली. कमळवाली.

ते गेल्यावर तुम्ही मला आत बोलावलंत. रागावला नव्हतात, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणालात, "इतके लोक आले, दोरा कुणी म्हटलं नाय. मी पण नाय. चूक असंल, बरोबर असंल, अल्ला जाने. पण तिनं बघितलं. आणि तू तिला नवऱ्यासमोर खोटं पाडलं. तेही तुला माहीत नसताना."

"बरं, चुकलं माझं. माफ करा."

"मेरेकू नक्को. तिला जाऊन सांग. त्याच्यासमोर सांग. आणि विचारून ये, दोरा कोणत्या रंगाचा."

मी म्हणालो, एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाच्या घरी जाऊन काय सांगायचं? लोक हसतील. तुम्ही म्हणालात, "ती पण तेच म्हणत असंल. एवढीशी गोष्ट." मग त्या दिवसापासून तुम्ही पाहुण्यांसमोर माझी ओळख करून द्यायला लागलात: "हे आमचे विलाससाहेब. यांना सगळं माहीत असतं." ते मला झोंबलं, रशीदभाई. खरं सांगतो, मी मुकुंदवाडीला गेलो नाही त्यात लाज होती, आळस होता, पण थोडा तुमच्यावरचा रागही होता. तुम्ही जरा कमी टोचलं असतं तर मी गेलो असतो, असं मी मनात म्हणायचो. आता तेही म्हणता येत नाही.

तुमचे महिने संपले. तुम्ही फर्दापूरला परत गेलात, जाताना रुमाल पाटीवरच ठेवून. मी तो काढला नाही. वाटलं, परत याल तेव्हा काढाल. तुम्ही फोन करत राहिलात. आधी माझ्या आईची तब्येत, मग बंगल्यात आता कोण आलंय, ते काय करतात, कसं करतात, कोणता चुना वापरतात. आणि शेवटी मुकुंदवाडी. कित्येकदा मी "जातो" म्हणालो. आणि मग एकदा "गेलो होतो" म्हणालो.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी फर्दापूरला आलो. कबरीवर माती ओली होती. घरी माणसं होती, नसीमनं मला मागच्या खोलीत नेलं. खिडकीशी फळी उभी होती. तीच बाई. मान कललेली, डोळे बारीक. पण या वेळी हात पुरा होता. बोटं होती, चिमटीत सुई होती, आणि सुईच्या मागं एक निळा दोरा, हवेत जरा वळलेला. तुमचा तो निळा दगड, जो तुम्ही औषधाच्या बाटलीत ठेवायचात आणि मला हात लावू द्यायचा नाहीत, तो सगळा त्या दोऱ्यासाठी घोटला होतात. बाटली शेजारी रिकामी पडली होती.

नसीम म्हणाली, "अब्बा नेहमी तोडायचे. हे नाय तोडलं. मी विचारलं तर म्हणाले, हे विलासनं विचारून आणलंय."

मी तिथं उभा होतो आणि मला तो टॉवेल दिसत होता.

त्या दिवशी मी तिला काही सांगू शकलो नाही. हा लेख मात्र छापायला देण्याआधी तिला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "असू द्या. अब्बांनी खऱ्या मनानं काढलाय ना." तिचं मन मोठं आहे. माझं त्यानं भागत नाही.

फर्दापूरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंगल्यातली पाटी उतरवली. रुमाल घडी करून माझ्या खणात ठेवला. त्याला अजून तुमच्या अत्तराचा वास आहे. मग मुकुंदवाडीला गेलो. स्टेशनजवळची गल्ली, पिको-फॉलची पाटी, तुम्ही सांगायचात अगदी तशी. शोधावं लागलंच नाही. इतकं सोपं होतं ते.

दारात सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. "ते छावणीतलं मातीवालं साहेब ना? या." आत मशीन चालू होतं. नवऱ्याची सुट्टी होती, तो मोबाइल बघत पलंगावर लोळत होता. उठून बसला, पाणी आणायला सांगितलं. मशीनजवळच्या खिळ्याला मी दिलेली पिशवी टांगलेली होती, आत कापडाची कातरणं कोंबलेली.

नवरा हसत म्हणाला, "साहेब, तुमची लई आठवण काढतो आम्ही. आमच्या घरात म्हणच झालीया. ही काय बोलली की मी म्हणतो, कमळ हाय ते."

"सांग की सगळं," सासूबाई मेथीतून मान वर न करता म्हणाल्या. "परवा पोट दुखत व्हतं ह्याचं. ती म्हणली, डॉक्टरकडं चला. ह्यो म्हणतो, कमळ हाय ते. मंग बसला ना सकाळपर्यंत कण्हत."

तो मोकळेपणानं हसला. वाईट माणूस नव्हता तो. एक शब्द मी त्याच्या हाती ठेवला होता, तो त्यानं वापरला होता, बस. मीनाताई हसली नाही. तिनं पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "बाबा कसे हैत?"

मी सांगितलं. तिचा हात पदराकडं गेला आणि तिथंच राहिला. सासूबाईंनी मेथी बाजूला सारली. नवऱ्यानं मोबाइल पालथा ठेवला. 

मग मी तिला फोनवरचं सांगितलं. तुम्ही दर वेळी काय विचारायचात, मी शेवटी काय थाप मारली, आणि फर्दापूरच्या खिडकीशी काय उभं आहे. ती ऐकत होती. तुमच्याइतकंच लक्ष देऊन ऐकत होती.

"निळा?" ती म्हणाली. तिनं मशीनवरची सुई उचलली नाही की काही नाही. नुसता हात तोंडाजवळ धरला, डोळे बारीक केले, आणि बघत राहिली, जणू तो प्रश्न आत्ताच कुणी विचारला होता. "नाय. निळा असता तर लांबून दिसला असता. एवढा जवळ कशाला धरला असता? तिला दोरा दिसतच नाय, साहेब. म्हणून तर तसं तोंड केलंय."

रशीदभाई, मला तेव्हा तुम्ही तिथं हवे होतात. तुम्ही खुर्चीवरून उठला असतात. म्हणाला असतात, फिरसे बोलो. मग म्हणाला असतात, पण दिसतच नाय तर रंगवायचा कसा? आणि ती म्हणाली असती, ते तुम्ही बघा. आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही कुणालाच उठू दिलं नसतंत.

नवरा पुढं सरकून बसला. त्यालाही आता उत्सुकता आली होती. पण सवय मोठी असते. माझ्याकडं बघून, जरा मिश्किल, जरा खात्री करून घ्यायला, तो म्हणाला, "पण साहेब, शेवटी कमळच ना ते?"

इथंच, तुम्ही सांगितलं होतंत तसं, त्याच्यासमोर, आणि त्याच्या आईसमोर, मी उभा राहिलो आणि मीनाताईंना म्हणालो, "नाही ताई. कमळ मी बनवलं. त्या हातात काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही, कुणालाच नाही. तुम्ही नीट बघून सांगितलं होतंत. मी न बघता तुम्हाला गप्प केलं. चूक माझी होती. मला माफ करा."